खांद्याच्या मुळाशी ठिबक

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अहमदपूर भागात खांदेमळण असते. बैल धुऊन आणले की जू जिथे टेकतं तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, त्यावर हळद आणि लोणी, लोणी नसेल तर तेल, दोन्ही तळव्यांनी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. वर्षभर नांगर, तिफण, गाडी ओढून तिथलं कातडं निबर झालेलं असतं. ज्या खांद्यावर घराचा भार आहे, त्याला दुखतंय का, हे वर्षातून एकदा तरी सगळं घर मिळून विचारतं. माणसाचा खांदा दुखतो तेव्हा मात्र आपण त्याला सोसायला सांगतो.

आमच्या गल्लीतले एक काका मोटारसायकलवरून पडले. उजवा हात वर जाईना. एमआरआय झाला, खांद्याची नस तुटली आहे असं सगळे म्हणू लागले. खरं तर ती नस नव्हती, खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंची दोरी होती. लातूरला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. सकाळी ऑपरेशन, दुपारी काका पलंगावर बसून चहा पीत होते. ‘दुखत न्हाई का हो?’ काकूंनी तीनदा विचारलं. ‘काहीच न्हाई. हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यावानी वाटायलाय.’ दुखत नाही म्हणून संध्याकाळी घरी सोडलं. चाकूरमार्गे गाडीने अहमदपूर गाठलं, जेवण झालं, काका झोपले. रात्री दोनच्या सुमाराला त्यांच्या ओरडण्याने गल्ली जागी झाली. हातातली भूल उतरली होती आणि तिच्या जागी काहीच नव्हतं. गोळ्या पिशवीत होत्या, पण ‘दुखलं तर घ्या’ असं सांगितलेलं असल्यामुळे एकही घेतलेली नव्हती. दवाखान्याचं दार ठोठावून इंजेक्शन घेतलं, तरी उजाडेपर्यंत ते भिंतीला पाठ टेकून बसून राहिले. नंतर कितीतरी दिवस ते सांगत, ‘ऑपरेशनला म्या भ्यालो न्हाई. त्या रातीला भ्यालो.’

ती रात्र टाळता येते. त्यासाठी लागणारी औषधं जुनी आहेत आणि त्यांतली बरीचशी स्वस्तही. फक्त ती कुठे सोडायची, किती सोडायची आणि किती वेळ सोडायची, हे तीन प्रश्न फार जपून सोडवावे लागतात. खांद्याच्या बाबतीत यातला पहिला प्रश्न चुकल्यामुळे काही तरुण माणसांचे सांधे कायमचे गेलेले आहेत. ती हकीकत पुढे येईल.

आधी खांदाच एवढा का दुखतो ते पाहू. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, खांद्याचा गोळा मात्र बशीत ठेवलेल्या लिंबासारखा उथळ जागी टेकलेला असतो. म्हणून तर हात मागेपुढे, वर, गोल असा सगळीकडे फिरतो. हे लिंबू बशीवरून घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या दोऱ्या त्याला आवळून धरतात. ऑपरेशनमध्ये तुटलेली दोरी पुन्हा हाडाला शिवायची असते. त्यासाठी हाडात छिद्र पाडून छोटे खिळे बसवतात आणि त्यांच्या धाग्यांनी दोरी ओढून बांधतात. हाडावरचं पातळ आवरण आणि स्नायूंच्या वरची मऊ पिशवी या दोन्हींमध्ये वेदना ओळखणारे तंतू दाटीने पसरलेले असतात. त्यात पाय दुखला तर उशीवर ठेवता येतो, खांद्याला तशी सोय नाही. हात धडाला लोंबकळत असतो, श्वास घेतला तरी खांदा हलतो, कूस बदलली तरी ताणला जातो. म्हणून खांद्याचा ठणका रात्रीचा असतो आणि पहिले दोन दिवस सगळ्यात जड जातात.

आपल्याकडे वेदनेला शब्द किती आहेत बघा. ठणका, कळ, चमक, सणक, शिणका, रग, आग, ठसठस. डॉक्टरांनी शून्य ते दहामध्ये आकडा विचारला की खेड्यातला माणूस गडबडतो, पण ‘रुपयातले किती आणे दुखतंय?’ असं विचारलं की बरोबर सांगतो. ‘बारा आणे’ म्हणजे काय, हे त्याला आणि नर्सबाईंना दोघांनाही कळतं. मला वाटतं, ऑपरेशननंतरच्या कागदावर हा प्रश्न छापलेला असावा आणि दर चार-सहा तासांनी कुणीतरी तो विचारावा. कारण आपला शेतकरी आपणहून सांगत नाही. ‘थोडंसं ठणकायलंय’ असं तो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा चौदा आणे असतो.

सोसण्याने काही चांगलं होतं, असंही नाही. वेदनेने माणूस झोपत नाही, खोल श्वास घेत नाही, बोटंसुद्धा हलवायला घाबरतो. सतत येणाऱ्या कळांनी मज्जारज्जू आणि मेंदू अधिक हळवे होतात, मग साध्या स्पर्शानेही दुखायला लागतं. पुढचे व्यायाम भीतीने राहून गेले तर खांदा आखडतो. मधुमेह असेल तर आखडण्याची शक्यता आणखी जास्त.

मग उपाय काय? तालुक्याच्या गावी पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं आणि ट्रामाडॉल एवढं सहज मिळतं. मॉर्फिनसारखी तीव्र औषधं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराची वाट बरीच सोपी झाली, तरी लहान गावांतल्या दवाखान्यांत ती फारशी ठेवलेली नसतात. २०१८ पासून ट्रामाडॉलवरही त्याच कायद्याचं नियंत्रण आलं. शिवाय ही औषधं रक्तातून सगळ्या अंगात फिरतात. दुखतो खांदा, पण मळमळतं पोट, बद्धकोष्ठ होतो, गुंगी येते, वयस्कर माणूस रात्री भलतंच बरळतो आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यात ठिबकचं महत्त्व कुणाला पटवून द्यायला नको. सगळं रान भिजवण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी थेंब पडला पाहिजे. भूलतज्ज्ञांनी खांद्यासाठी हेच केलं. योगायोग असा, की जिथे औषध सोडायचं त्या जागेला वैद्यकशास्त्रातही मूळच म्हणतात. मानेच्या मणक्यांमधून मज्जातंतूंची मुळं निघतात, त्यांच्या एकमेकांत गुंफलेल्या जाळ्यातून सगळा हात चालतो. खांद्याचा कारभार प्रामुख्याने पाचव्या आणि सहाव्या मुळाकडे असतो. मानेच्या बाजूला, दोन स्नायूंच्या फटीत, ही मुळं एकाखाली एक अशी सापडतात. तिथे बधिर करणारं औषध पोचलं की खांद्याकडून मेंदूकडे जाणारा निरोप वाटेतच थांबतो. डॉक्टर याला ‘ब्लॉक’ म्हणतात.

निरोप थांबतो म्हणजे काय होतं? मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी अतिसूक्ष्म दारं असतात. एका ठिकाणची दारं उघडली की शेजारची उघडतात, त्यांच्या शेजारची उघडतात, आणि अशी विजेची लाट तंतूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधं त्या दारांत अडसर घालतात. तंतूला इजा होत नाही, औषध ओसरलं की दारं पुन्हा उघडू लागतात. वेदना नेणारे बारीक तंतू लवकर आणि कमी औषधात गप्प होतात, हात हलवणारे जाड तंतू उशिरा. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी तीव्र द्रावण देऊन हात पूर्ण निपचित करतात आणि नंतर पातळ द्रावण सोडून फक्त ठणका अडवायचा प्रयत्न करतात.

या औषधांचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या कोकाच्या पानांतून झाला. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळ्याचं ऑपरेशन वेदनेशिवाय होतं हे दाखवलं. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी हाताच्या मज्जातंतूंवर ते वापरलं, आणि त्या प्रयोगांच्या नादात स्वतः कोकेनच्या व्यसनात अडकले. पुढे स्वीडनमध्ये १९४३ च्या सुमारास लिग्नोकेन तयार झालं आणि १९५७ मध्ये बुपिव्हाकेन. हे दुसरं औषध बोफोर्स कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. तोफेमुळे आपल्या देशात घरोघरी पोचलेलं हे नाव शस्त्रक्रियेच्या टेबलावरही आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मानेच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून ब्लॉक देण्याची पद्धत अलॉन विनी यांनी १९७० मध्ये नीट मांडली. पण बारीक नळी ठेवून औषध पुन्हा पुन्हा देत राहण्याची कल्पना त्याहून जुनी, अमेरिकेतल्या अ‍ॅन्सब्रो यांनी १९४६ मध्येच ती वापरली होती.

एकदाच दिलेलं इंजेक्शन साधारण आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत पुरतं. खांद्याचा जोराचा ठणका त्याहून जास्त टिकतो. काकांची फसगत इथेच झाली. ही दरी भरून काढण्यासाठी मुळांजवळ बारीक, मऊ नळी ठेवतात, त्वचेवर पारदर्शक पट्टीने चिकटवतात आणि तिच्यातून दोन-तीन दिवस पातळ औषध सोडत राहतात. २००३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या ब्रायन इल्फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याचे रुग्ण अशी नळी घेऊन घरी पाठवले आणि घरी गेल्यावरही वेदना कमी राहते, झोप लागते, मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात, हे तुलना करून दाखवलं.

औषध ढकलणारं यंत्र पाहिलं तर विश्वास बसत नाही इतकं साधं असतं. वीज नाही, बॅटरी नाही. प्लास्टिकच्या आवरणात एक जाड रबरी फुगा, त्यात दोनशे-तीनशे मिलिलिटर औषध भरलेलं. फुगा आकसायला बघतो आणि औषध एका अतिशय अरुंद वाटेतून तासाला साधारण पाच मिलिलिटर या वेगाने पुढे सरकतं. वेग ठरतो तो या अरुंद वाटेमुळे. रोपिव्हाकेनचं ०.२ टक्के द्रावण असेल तर एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला १० मिलिग्रॅम. ज्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे हे फार सोयीचं आहे. फक्त एक गोष्ट आपल्या हवेसाठी मुद्दाम सांगायला हवी. उष्णतेने द्रव पातळ होतो आणि वेग वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा शेकायच्या पिशवीखाली हा फुगा ठेवायचा नसतो. तो कमरेच्या पिशवीत, सावलीत राहावा, आणि वेग सांभाळणारा तुकडा ज्या ठिकाणी चिकटवला आहे तिथेच राहू द्यावा.

आता ती हकीकत. खांद्याची दुर्बिणीची ऑपरेशनं वाढली तेव्हा शल्यविशारदांना एक सोपी वाट सुचली. मानेत नळी ठेवायला कौशल्य लागतं, भूलतज्ज्ञ लागतो. मग ऑपरेशन संपताना आपणच फुग्याची नळी थेट सांध्याच्या आत का ठेवू नये? दुखतंय तिथेच औषध. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. अमेरिकेत अनेक ठिकाणी असं झालं, दोन-तीन दिवस बुपिव्हाकेन सांध्यात ठिबकत राहिलं आणि रुग्ण पहिल्या आठवड्यात खूश होते. काही महिन्यांनी त्यांतले काही परत आले. बरेचसे तरुण, खेळाडू. खांदा कुरकुरतोय, आखडलाय, आता आधीपेक्षा जास्त दुखतोय. एक्स-रेमध्ये गोळा आणि बशी यांच्यामधली जागाच नाहीशी झालेली. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरघळून गेल्यासारखी संपली होती. साठीनंतर दिसणारं चित्र विशीतल्या पोरांच्या खांद्यात दिसत होतं.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी सांध्यातल्या द्रवावर जगतात. त्या द्रवात तासन्‌तास तीव्र बुपिव्हाकेन मिसळत राहिलं तर पेशी मरतात आणि मेलेल्या कूर्चेची जागा पुन्हा नीट भरून येत नाही. प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींवर हे दिसून आलं. २००७ मध्ये हॅन्सन आणि बेक यांच्या गटाने आपल्याच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सांध्यात असा पंप ठेवलेल्या १९ खांद्यांपैकी १२ खांद्यांची कूर्चा गेली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३५ रुग्णांच्या नोंदींवरून जाहीर इशारा दिला. त्यांतले जवळजवळ सगळे खांद्याचे होते, काहींना दुसऱ्याच महिन्यात त्रास सुरू झाला होता आणि निम्म्याहून अधिकांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. काहींना तर कृत्रिम सांधा बसवावा लागला.

आपल्या गुणांनी नावाजलेलं तेच औषध, तोच फुगा, तीच नळी. मानेतल्या मुळाशी सोडलं तेव्हा गुण आला, वीतभर खाली सांध्यात सोडलं तेव्हा सांधा गेला. म्हणून खांद्याचं ऑपरेशन ठरलं आणि पंप ठेवणार असं कुणी सांगितलं, तर विचारायचा पहिला प्रश्न हाच: नळीचं टोक कुठे असणार? उत्तर ‘सांध्याच्या आत’ असं आलं तर तिथेच थांबावं आणि दुसरा सल्ला घ्यावा. हा प्रश्न विचारला म्हणून एकही चांगला डॉक्टर रागावणार नाही. सांध्याबाहेर, खांद्याच्या छपरासारख्या हाडाखाली नळी ठेवण्याचीही एक पद्धत आहे, पण तिचा गुण एकसारखा दिसलेला नाही. मुळाशी दिलेला ब्लॉक तिच्यापेक्षा नक्कीच भरवशाचा.

मुळाजवळची जागाही निर्धोक नाही. पाचव्या-सहाव्या मुळांच्या अगदी शेजारून श्वासपटलाकडे जाणारा मज्जातंतू खाली उतरतो. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्या वेळच्या मोठ्या मात्रेने ब्लॉक दिलेल्या प्रत्येक रुग्णाचं त्या बाजूचं श्वासपटल थांबलेलं आढळलं. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही, दुसरी बाजू सांभाळून घेते. पण ज्याची फुप्फुसं आधीच अर्धी आहेत त्याला धाप लागते. आणि अशी माणसं आपल्याकडे फक्त बिडी ओढणारी नसतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीटर बार्न्स यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या दम्यासारख्या आजाराकडे जगाचं लक्ष वेधलं, त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली साठीची मावशी ‘मी कधी तंबाखूला हात लावला नाही’ असं खरंच सांगते, आणि तरीही जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं. ही गोष्ट भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवी.

अशा रुग्णांसाठी वेगळ्या वाटा निघाल्या आहेत. औषधाची मात्रा पाच मिलिलिटरपर्यंत खाली आणता येते. किंवा मानेला हात न लावता खांद्याच्या पाठीमागचा एक आणि काखेजवळचा एक, असे दोन मज्जातंतू वेगवेगळे गाठता येतात. पाठीमागचा तंतू एकटाच सांध्याच्या संवेदनेचा सुमारे ७० टक्के भाग सांभाळतो. आराम किंचित कमी, पण श्वास शाबूत.

ब्लॉकनंतर आणखी दोन-तीन गोष्टी दिसतात आणि घरचे घाबरतात. त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, आवाज घोगरा होतो. ‘लकवा मारला’ म्हणून कुणीतरी रडायला लागतं. मानेतल्या शेजारच्या तंतूंनाही थोडं औषध लागल्यामुळे हे होतं आणि औषधाबरोबर ओसरतं. आधी सांगितलं असतं तर रडणं वाचलं असतं. वाढत जाणारी धाप मात्र वाट बघण्याची गोष्ट नाही, ती लगेच कळवायची.

हे सगळं बारकाईने करता येतं ते सोनोग्राफीमुळे. १९९४ मध्ये व्हिएन्नात सोनोग्राफीच्या मदतीने ब्लॉक द्यायला सुरुवात झाल्यापासून डॉक्टरांना सुईचं टोक, मज्जातंतू, रक्तवाहिनी आणि पसरत जाणारं औषध पडद्यावर दिसू लागलं. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली करावी लागते, मग ते फक्त मान आणि खांदे बघण्यासाठी का असेना. मराठवाड्यात मुलींची संख्या किती घसरली होती हे ज्याला माहीत आहे, तो या कायद्याला विरोध करणार नाही, मीही करत नाही. पण भूलतज्ज्ञांच्या यंत्रांसाठी नोंदणीची वाट अधिक सरळ झाली, तर तालुक्याच्या ठिकाणीही सुरक्षित ब्लॉक पोचतील. आज या कामासाठी अहमदपूरच्या माणसाला लातूर किंवा नांदेड गाठावं लागतं, आणखी पुढे पुणं. पुण्याच्या डॉ. संदीप दिवाण यांच्यासारख्या भूलतज्ज्ञांनी ब्लॉकच्या तंत्रावर मोठं काम केलेलं आहे. मराठवाड्यात अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे शिकून तालुक्यात परतणारा भूलतज्ज्ञ हाच या गोष्टीचा खरा आधार आहे.

औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर काय, हेही माहीत असावं. ओठांभोवती बधिरपणा, तोंडात लोखंडाची चव, कानांत घणघण, चक्कर, मग झटके, आणि शेवटी हृदय बंद पडू शकतं. बुपिव्हाकेनने थांबलेलं हृदय पुन्हा चालू करणं फार कठीण, असा अनेक वर्षांचा अनुभव होता. त्यातूनच रोपिव्हाकेनसारखं हृदयाला कमी जाचणारं औषध पुढे आलं. पण उतारा सापडला तो अनपेक्षित जागी. १९९८ मध्ये गाय वाईनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं, की शिरेतून स्निग्ध द्रव दिला तर बुपिव्हाकेनचं विष उतरतं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाला खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत ब्लॉक दिला आणि त्याचं हृदय थांबलं. वीस मिनिटं छाती दाबणं, औषधं, विजेचे झटके, सगळं झालं. मग कुणीतरी तो पांढरा द्रव आणला. १०० मिलिलिटर शिरेतून गेला आणि ठोके परत आले. माणूस वाचला. ब्लॉक देणाऱ्या चांगल्या ठिकाणी आज ही बाटली हाताशी ठेवलेली असते. तो पांढरा द्रव कशाचा असतो? सोयाबीनच्या तेलाचा. खरिपात आमच्या भागात बांधापासून बांधापर्यंत जे उभं असतं आणि लातूरच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात, त्याच दाण्याचं तेल. हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘भाव न्हाई म्हणून आपण त्याला किती शिव्या दिल्या.’

फुगा घेऊन घरी आलेल्या माणसासाठी यातूनच एक कडक नियम निघतो. त्या फुग्यातलं औषध सलाईनच्या नळीला कधीही, कुणीही जोडायचं नाही. रात्री घाईत, गावातल्या एखाद्या दवाखान्यात, ‘नळी निघाली, शिरेत लावून देतो’ असं कुणी म्हणालं तरी नाही. फुग्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘शिरेत देऊ नये’ असं लिहिलेलं असावं, नसेल तर आपण लिहून घ्यावं. सोबत डॉक्टरांचा असा नंबर हवा जो रात्री दोनलाही उचलला जातो. तो नंबर मिळणार नसेल तर माझ्या मते नळी घेऊन साठ-सत्तर किलोमीटर दूर घरी येऊ नये. त्यापेक्षा एकच इंजेक्शन घ्यावं, त्याचा परिणाम काही तासांनी लांबवणारं डेक्सामेथासोन डॉक्टरांना योग्य वाटलं तर घ्यावं, आणि गोळ्या घड्याळ लावून घ्याव्यात. नीट आखलेलं साधं इंजेक्शन हे वाऱ्यावर सोडलेल्या पंपापेक्षा चांगलं.

गोळ्यांचं घड्याळ ही तर काकांच्या रात्रीची किल्ली होती. नळी असो वा नसो, भूल कधीतरी उतरतेच, आणि उतरताना वेदना हळूहळू वाढत नाही, ती एकदम अंगावर येते. म्हणून पहिली गोळी हात बधिर असतानाच, दुखत नसतानाच पोटात गेलेली असावी आणि पुढच्या वेळाही चुकवू नयेत, मध्यरात्रीची तर मुळीच नाही. कुठली गोळी, ते डॉक्टर ठरवतील. किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते त्यांना आधी सांगायचं, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्या तिथे बाधतात.

बधिर हात हा तान्ह्या बाळासारखा सांभाळावा लागतो. त्याला चटका बसला तरी कळत नाही, दाराच्या फटीत बोट सापडलं तरी कळत नाही. चहाचा पेला त्या हातात नको, चुलीजवळ जाणं नको, आणि बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून थोडा वेळच ठेवायची. हात झोळीत राहावा, गाडीत बसतानाही. झोपताना पाठीशी उशांची उतरंड रचून अर्धवट बसल्यासारखं झोपावं. बरेच जण पहिले काही दिवस आरामखुर्चीतच काढतात आणि ते योग्यच आहे. नळीच्या तोंडाशी थोडी ओल दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण लाली, पू, ताप दिसला किंवा चांगलं चाललेलं असताना अचानक सोळा आणे दुखायला लागलं तर फोन करायचा. नळी काढताना दुखत नाही. ओढताना अडकली तर मात्र जोर लावायचा नाही, दवाखान्यातच जायचं.

मागच्या वर्षी आमच्या एका मावशीच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. धाप लागायची, म्हणून मानेत नळी न ठेवता पाठीमागून आणि काखेजवळून ब्लॉक दिला. या वेळी सगळं आधी विचारलेलं होतं. दोन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो, मोबाइलमध्ये गजर लावून गोळ्या दिल्या आणि दर वेळी वहीत आणे लिहिले. पहिल्या रात्री सहा आणे, पहाटे आठ, मग चार. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, ‘आता इचारू नका रे सारखं सारखं, मला जरा झोपू द्या.’ दहा वाजता फिजिओथेरपीच्या ताई आल्या, तिला पुढे वाकून उभं केलं आणि हात सैल सोडून पाळण्यासारखा हलवायला सांगितला. तिने डावा हात टेबलावर टेकवला, उजवा खाली सोडला आणि डोळे मिटून हळूहळू झुलवायला लागली.